मामाचं ताट

ज्वारीचं पीठ संपत आलं की मामी डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा उघडून आत बघायची, मधल्या वेळात कुणी येऊन भर घातली असेल तर बघावं म्हणून. चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात तसं काय मिळायचं नाही? मक्याचं पीठ, सरसोंच्या जुड्या, ताजं पनीर, सकाळी सकाळी तव्यावरून उतरलेले कुलचे. पण आमच्या खानापूर तालुक्यातला शाळू तेवढा मिळायचा नाही, आणि एखाद्या दुकानात ज्वारी दिसलीच तर मामा ती चिमटीत धरून म्हणायचा, "ही म्हशीला घालायची हाय." म्हणून गावाकडून सुट्टी संपवून येणारा प्रत्येक कारागीर पोत्यात शाळू भरून आणायचा, आणि त्यातच खुपसलेला कांदा-लसूण मसाला, हुलगे, शेंगदाण्याची चटणी. दिल्लीला गाडी बदलताना पोतं उचलणारा हमाल हमखास म्हणायचा, "इसमें पत्थर भरा है क्या?" तानाजीदादा, आमच्याकडचा सगळ्यात जुना कारागीर, ही नक्कल जेवताना करून दाखवायचा आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय असा हसायचा.

मामाचं गलाईचं दुकान होतं. मोडीचं सोनं-चांदी विकत घ्यायची, भट्टीत वितळवायची, तेजाबात घालून हिणकस काढून टाकायचं आणि शुद्ध लगड सराफाला द्यायची, असा तो धंदा. आमच्या भागातली माणसं त्यापायी देशातल्या कुठल्या कुठल्या बाजारात जाऊन बसली आहेत. खाली दुकान, वर घर. भट्टीच्या ब्लोअरचा घूंऽऽ आवाज दिवसभर फरशीतून तळपायाला लागायचा. तो थांबला की जेवायची वेळ झाली असं समजायचं. तेजाबाचा उग्र वास जिन्यानं वर चढला की मामी पदर नाकाला लावून खिडकीशी जायची. कारागीर सगळे आमच्याच गावाकडचे, आणि त्यांचं दोन वेळचं जेवण मालकाच्या घरी, ही धंद्यातली जुनी रीत. तेजाबानं पिवळी पडलेली त्यांची बोटं पांढऱ्या भाकरीचा तुकडा मोडताना मला अजून दिसतात.

मी तिथं गेले ती मामीच्या कमरेचं ऑपरेशन झालं म्हणून. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल खिंडीपलीकडच्या गावात, आणि तिकडं जाणारी एसटी बंद झाली. माझे वडील, आबा, म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी मामाचा फोन आला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले, मामीची कमर बरी झाली, तरी राहिले. कुणी जा म्हणालं नाही, कुणी राहा म्हणालं नाही. त्या न म्हणण्यावरच मी पाय ठेवून उभी होते. गावी चुलत्यांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण चुलत्यांचा विषय निघाला की आई फोनवर मध्येच गप्प व्हायची त्यावरून कळायचं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. सकाळी गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लाउडस्पीकरवर सुरू व्हायच्या आत माझी कणीक मळून झालेली असायची. हाताला काम नसलं की भीती वाटायची, आता कुणाच्या तरी लक्षात येईल की हिची इथं गरज राहिलेली नाही. ही खोड अजून गेली नाही. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेले तरी मी थोड्या वेळानं लसूण सोलायला घेते, आणि माझा मुलगा डोळे वटारतो.

मामा वाईट नव्हता, हे मला आधीच लिहून ठेवायचंय. आमच्याकडं मामा भाचीकडून पाया पडून घेत नाही. मामानंच भाचीच्या पाया पडायचं. दिवाळीला तो एवढा मिशाळ माणूस वाकून माझ्या पायांना हात लावायचा आणि मी लाजून मरायचे. त्याच चालीतली दुसरी गोष्ट म्हणजे उष्टं ताट. मामाचं उष्टं भाचीनं काढायचं नाही. म्हणून जेवण झालं की मामा बाह्या सारून स्वतः सिंकपाशी जायचा, स्वतःचं ताट घासायचा, धुवायचा, पालथं घालायचा आणि हात पुसत खाली भट्टीकडं जायचा. उरलेली सगळी ताटं, कारागिरांची, मामीची, श्रुतीची, मी घासायचे. ह्यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नाही. मामाला वाटायचं, आपण भाचीचा मान राखला. मलाही तसंच वाटायचं.

श्रुती मामाची एकुलती एक, आठवीत शिकणारी. तिचा जन्मच तिकडचा. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. मामी म्हणायची, "श्रुते, पाणी आण," आणि ही म्हणायची, "ला रही हूँ ना, मम्मी." मला दीदी म्हणायची. गावची अर्ची तिथं दीदी झाली ह्याचं मला फार अप्रूप होतं. तिचं दप्तर मी रोज आवरायचे, आणि आवरता आवरता इतका वेळ लावायचे की एकदा मामीनं विचारलं, "दप्तर आवरतीस का गोधडी शिवतीस?"

श्रुतीच्या शाळेत शनिवारी शेवटचा तास हरप्रीत मॅडमचा असायचा. त्याला पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती. फोनवर आलेली बातमी नाहीतर व्हिडिओ घ्यायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे: हे बनवलं कुणी, कुणासाठी बनवलं, आणि ह्यातून काढून काय टाकलं? शनिवारी दुपारी श्रुती घरी आली की आमच्या घरातल्या सगळ्या फॉरवर्डांची उलटतपासणी व्हायची. मामीच्या ग्रुपवर कारल्याच्या रसानं कंबरदुखी मुळापासून जाते असं आलं होतं. श्रुती म्हणाली, "मम्मी, ये किसने लिखा? डॉक्टर का नाम कहाँ है?" मामी म्हणाली, "नाव न्हाई म्हणून रस काय गोड लागतोय व्हय? तुझ्या मॅडमला म्हणावं आधी एक गिलास पी, मग प्रश्न विचार." आम्ही खूप हसलो. मला मात्र तो तिसरा प्रश्न चिकटून बसला. भाकऱ्या थापताना मी मनात म्हणायचे, काढून काय टाकलं?

मग मॅडमनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या एका माणसाचं दिवसभर चित्रीकरण करायचं आणि त्यातून एकेक मिनिटाचे दोन व्हिडिओ बनवायचे. दोन्ही एकमेकांच्या उलट वाटले पाहिजेत. खोटं काही घालायचं नाही. फक्त कापायचं, आणि वरून आपल्या आवाजात बोलायचं. मामी कॅमेऱ्यासमोर येईना, मामा भट्टीजवळ फोन नेऊ देईना. श्रुती माझ्याकडं वळली. "दीदी, आप बेस्ट हो. आप तो हर टाइम कुछ ना कुछ करती रहती हो." मी वेणी नीट घातली, जरा बरा ड्रेस घातला. "कैमरे में मत देखो ना, यार!" ती दिवसभर ओरडत माझ्या मागं फिरली. रात्री तिनं मला पहिला व्हिडिओ दाखवला. गच्चीवर ऊन, वाळत घातलेल्या मिरच्या, माझ्या हातातून परातीत फिरणारी भाकरी, तानाजीदादा म्हणतोय "अर्चे, आणि एक," आणि श्रुतीचा आवाज: "ये मेरी दीदी है. इनके बिना हमारा घर नहीं चलता." मला रडू आलं. दुसरा कुठाय, हे मी विचारलं नाही. तिनंही दाखवला नाही.

दुसरा मी पाहिला तो मामाच्या फोनवर. वर्गात मॅडमनी दोन्ही लावले होते, तेव्हा एका मुलानं समोरच्या पडद्यावरून दुसरा तेवढा स्वतःच्या फोनमध्ये घेतला. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर होता, आणि कुणीतरी त्यावर लिहिलं होतं, "महाराष्ट्र से लाई गई बच्ची, मनीमाजरा के घर में." आमच्या शेजारी रजयांचं दुकान असलेले सरदारजी फोन हातात धरूनच दुकानात आले. "पाटील जी, ये अपनी ही कुड़ी है ना?"

त्यात तीच परात होती, तीच भाकरी. पण हसणं कापलेलं. माझ्या मनगटावरचा तव्याचा चटका जवळून. ताटांचा ढीग. सगळ्यांचं झाल्यावर मी स्वयंपाकघरात खाली बसून एकटी जेवते ते, पाठीमागून घेतलेलं. आणि श्रुतीचा तोच आवाज, हळू केलेला: "ये लड़की सोलह साल की है. ये स्कूल नहीं जाती. ये सबके बाद खाती है." संपलं.

कुणी आणून दिलेली बांगडी आगीत घातल्याशिवाय जो माणूस सोनं म्हणत नसे, त्यानं तो व्हिडिओ एकदा पाहिला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. श्रुती वरच्या पायरीवर उभी राहून रडत होती. "पप्पा, मैंने कुछ झूठ नहीं डाला. मैडम ने बोला था, झूठ नहीं डालना है."

मामा तिच्याकडं न बघता म्हणाला, "खोटं घातलं असतंस तर बरं झालं असतं गं. खोटं हाय म्हणून सांगता आलं असतं."

सोमवारी प्रिन्सिपल सरांचा फोन आला. शनिवारी व्हिडिओतल्या मुलीला घेऊन शाळेत या, नाहीतर आम्हाला हे पुढे कळवावं लागेल, चौकशीला माणसं घरी येतील. मामानं फोन ठेवला आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं. तानाजीदादा रविवारी गावी निघणार होता. "अर्ची त्याच्यासंगं जाईल. शनिवारी शाळेत तोंड दाखवायचं, ऐतवारी गाडीत बसायचं. भानगडच नको. उद्या ह्यो व्हिडिओ गावात पोचला आणि माझ्या बहिणीनं बघितला, तर मी कुठल्या तोंडानं जाऊ तिकडं?" मामीनं पिठाच्या डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं.

ते चार-पाच दिवस ब्लोअर चालायचा, कीर्तन व्हायचं, भाजीवाला खालून "मटर लो, गोभी लो" ओरडत जायचा, आणि आम्ही एकमेकांच्या बाजूनं सरकून जायचो. कारागीर मान खाली घालून जेवायचे. तानाजीदादानं हमालाची नक्कल केली नाही. मी भाकरी वाढायला वाकले की एकेकजण ताटावर आडवा हात धरायचा, पोट भरल्यासारखा, आणि मला कळायचं की भरलेलं नाही. मामी मला शिकवायची: "विच्यारलं तर सांग, पाव्हणी आलीया. सुट्टीला आलीया. आणि पयला व्हिडिओ खरा म्हणून सांग." मी पीठ मळता मळता हिंदीत घोकायचे, "मैं यहाँ खुश हूँ. पहला वाला सच है." घोकताना मला स्वतःचा राग यायचा नाही. ते खोटं नव्हतंच. मला त्या घरात ऊबदार रजई होती, मामीनं माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर आणला होता, कुणी कधी आवाज चढवून बोललं नव्हतं. पण दुसरंही खोटं नव्हतं. आणि काहीही म्हटलं तरी रविवारी गाडी होतीच. गाडीच्या दुसऱ्या टोकाला ते स्थळ होतं.

शनिवारी मामाच्या स्कूटरवर मी मागं बसले. चौकाचौकात गोल वळसे घेत आम्ही शाळेपाशी आलो. वर्गात शिरताना मी सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि पोरं हसली. मग मी त्या परत घातल्या, तेव्हा आणखी हसली. दोन वर्षांनी मी वर्गाचा वास घेत होते: मार्करचा, डब्यातल्या लोणच्याचा, घामट स्वेटरांचा. हात कुठं ठेवावेत कळेना. मामा शेवटच्या बाकावर बसला. त्याचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते, म्हणून तो आडवा, दाराकडं तोंड करून बसला. दाराशी खुर्ची टाकून प्रिन्सिपल सर बसले होते. हरप्रीत मॅडम बुटकी, सलवार-कमीझखाली खेळाचे बूट घातलेली बाई होती, आणि तिला सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावताना ती दर वेळी दाराशी बसलेल्या सरांकडं बघायची. हिलाही कुणीतरी बोलावून घेऊन झापलंय, हे मला बघताक्षणी कळलं. त्या क्षणी मला ती आवडली.

तिनं दोन्ही व्हिडिओ लावले. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझा चटका तळहाताएवढा दिसत होता. मग मॅडम माझ्याकडं वळली. "अर्चना, पुत्तर, तू बता. दोनों में से सच्चा कौन सा है?"

माझं वाक्य तयार होतं. "मैं यहाँ..." इथपर्यंत आले आणि पुढचं गेलं. मामा अंगठ्यानं बाकाची कड घासत होता, पिवळ्या अंगठ्यानं, सारखी. मधल्या रांगेतला एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "डर रही है. मामा जो बैठा है." तो हळूच म्हणाला, पण वर्गानं ऐकलं, मामानंही ऐकलं. मला अशी चीड आली की भीती बाजूला राहिली.

"दोनों सच्चे हैं," मी म्हणाले. "लेकिन इसमें मामा की थाली नहीं है."

"कौन सी थाली?"

मला हिंदीत सांगता येईना. श्रुती उठली, तिनं स्वतःचा फोन मॅडमच्या हातात दिला. न कापलेलं सगळं त्यात होतं. पडद्यावर आमचं सिंक आलं, आणि बाह्या सारलेला मामा, राखेनं ताट घासणारा. मामाला साबण आवडायचा नाही. वर्ग फिस्सकन हसला. "अंकल बर्तन माँज रहे हैं!" श्रुती लाल झाली. तिनं तो तुकडा दोन्ही व्हिडिओंतून का काढला होता ते मला तेव्हा कळलं. एकात वडिलांची लाज वाटली म्हणून, आणि दुसऱ्यात गोष्ट बिघडत होती म्हणून. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्यात मामा भाचीच्या पाया पडतो, तिच्याकडून स्वतःचं उष्टं काढून घेत नाही. अडले तिथं श्रुतीनं सांगितलं. हसू हळूहळू विरलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मेरे मामा तो मुझसे पानी भी मँगवाते हैं," आणि पुन्हा जरा हशा झाला, पण निराळा.

प्रिन्सिपल सर उठले. "चलिए, फिर तो बात साफ़ है. परिवार में इज़्ज़त है बच्ची की." मामानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. तिथं थांबता आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं, मला तर सगळ्यांत जास्त. मामाचं नाव राहिलं होतं, चौकशी टळली होती.

पण मॅडमनी नाक पुसलं आणि तिचा तो नेहमीचा प्रश्न विचारला. "और? और क्या छूटा है?"

पडद्यावर चित्र थांबलं होतं. सिंकच्या कडेला मामाचं पालथं, लखलखीत ताट, आणि त्याच्या शेजारी बाकीच्या ताटांचा ढीग, आणि चौकटीच्या कोपऱ्यात माझं कोपर. मी वाट बघत उभी. आजवर मी ते ताटच बघत आले होते. ढीग मला पहिल्यांदा दिसला.

"दोनों में आवाज़ श्रुती की है," मी म्हणाले. "मुझसे किसी ने पूछा नहीं."

"अब पूछ रही हूँ," मॅडम म्हणाली. "अपनी बोली में बोल. श्रुती सुनाएगी हमें."

मी मराठीत बोलले. पडद्याकडं बघत बोलले, कारण मामाकडं बघणं शक्य नव्हतं. म्हणाले, मामानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. मामीनं मला पोरीसारखं वागवलं. मी शेवटी जेवते, कारण आधी जेवायला बसले तर कुणाला तरी वाटेल हिला आता काही काम नाही, आणि मला परत पाठवतील. मला परत जायचं नाही. गावी माझं लग्न ठरवतील. पण मला इथंही नुसतं भाकऱ्या थापत राहायचं नाही. मला नववीत बसायचंय. मी हे कधी बोलले नाही, कारण बोलले तर मामाला वाटेल की मी त्याच्यावर आळ घेतला. मी आळ घेत नाही. मला शाळेत जायचंय.

त्या खोलीत हे तिघांनाच कळलं होतं. पन्नास पोरं, मॅडम, प्रिन्सिपल सर, सगळे श्रुतीच्या तोंडाकडं बघत होते, आणि श्रुती तिच्या वडिलांकडं. मला तेवढ्यात कळून चुकलं की आता सगळं तिच्या हातात आहे. ती नुसतं "दीदी खुश है" म्हणाली असती तरी चाललं असतं; मामाचं भलं झालं असतं, शाळेचं झालं असतं, आणि मी काही बोलले नव्हते असंच झालं असतं. मामा बाकाची कड घासायचा थांबला होता. तो तिला मान हलवून काही खुणावेल असं मला वाटलं. त्यानं खुणावलं नाही. तो माझ्याकडं बघत होता, दिवाळीला वाकायच्या आधी बघायचा तसा.

श्रुतीनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यापासून, त्याच क्रमानं. लग्नाचं सांगताना तिचा आवाज फाटला, पण तिनं काही कापलं नाही.

घरी येताना मी स्कूटरच्या मागच्या कडीला धरून बसले होते आणि मनात माझी पिशवी भरत होते: स्वेटर वर, ड्रेस खाली. दारातच मामीनं विचारलं, "मिटलं का?" मामा म्हणाला, "जेवायला वाढ." त्या दुपारी पिठलं आणि खर्डा होता. कारागीर वर आले. मी वाढलं. मामा जेवला, बाह्या सारून उठला, ताट घासलं, धुतलं, पालथं घातलं. मग हात न पुसता तिथंच उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून, नळ चालू ठेवून.

"तानाजी," तो म्हणाला, "आपलं ताट घिऊन ये हिकडं."

"आवो मालक, ऱ्हाऊ द्या की..."

"ये म्हंतोय न्हवं. आणि बाकीचंबी. ज्याचं त्यानं."

एवढे मोठे बाप्ये एका रांगेत ताट धरून उभे राहिले, लग्नात अक्षता संपल्यासारखे अवघडून. तानाजीदादा म्हणाला, "मालक, भट्टीपेक्षा हे अवघड हाय," आणि मामीला इतक्या दिवसांनी हसू फुटलं. मग मामा माझ्याकडं न बघता म्हणाला, "अर्चे, तू वाढून घे. बस." मी बसले. सगळे उभे आणि मी बसलेली. भाकरी मोडली आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी तानाजीदादा एकटा गेला. मामानं त्याला स्टेशनवर जाताना सांगितलं, "शाळू आण. आणि हिच्या शाळंतनं दाखला आण. आन बहिणीला म्हणावं, फोन करतो मी." तो फोन बराच वेळ चालला. खालच्या दुकानात दार लावून मामा बोलत होता, आणि मला फक्त चढलेला आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. चुलत्यांनी पुढं वर्षभर मामाशी बोलणं टाकलं. महिन्याभरानं तानाजीदादा आला, तेव्हा माझा शाळा सोडल्याचा दाखला शाळूच्या पोत्यातच होता, मसाल्याच्या पुडीला चिकटलेला. श्रुतीच्या शाळेच्या कारकुनानं तो नाकाशी नेऊन हुंगला होता. नवं वर्ष सुरू झालं आणि श्रुतीच्या वर्गाबरोबर मीही नववीत बसले: वयानं मोठी, वर्गात सगळ्यांत उंच, शेवटच्या बाकावर. त्या मुलानं, ज्यानं पडद्यावरून व्हिडिओ उचलला होता, मला बीजगणिताच्या वह्या आणून दिल्या. माफी मागितली नाही. वह्या मात्र अगदी नीटनेटक्या होत्या.

हरप्रीत मॅडमचा तो तास नव्या वेळापत्रकात नव्हता. पालकांनी घरातल्या गोष्टी वर्गात नकोत म्हणून तक्रार केली होती. मी तिला जिन्यात गाठलं आणि पाया पडायला वाकले. तिनं मला मध्येच धरलं. "ना पुत्तर. तुम्हारे यहाँ तो उल्टा होता है ना?"

त्या दिवशी श्रुतीनं जे सांगितलं त्याचा व्हिडिओही एकानं घेतला होता. तो कुणी कुठं पाठवला नाही. फिरत राहिला तो अभ्यासातला दुसराच व्हिडिओ. इतक्या वर्षांनीही तो कुठून कुठून परत येतो, गेल्या दिवाळीत माहेरच्या बायकांच्या ग्रुपवर आला, खाली कुणीतरी लिहिलेलं, "परमुलखात आपल्या पोरींचे हाल बघा." मला कुणी ओळखलं नाही. मी तो कानाशी धरून ऐकला. मामाचं चित्र कापलं तरी श्रुतीनं खालचा आवाज तसाच ठेवला होता. ती म्हणते, ये सबके बाद खाती है, आणि तिच्या शब्दांमागं, भांड्यांच्या खडखडाटाच्याही मागं, नळाचं पाणी एका ताटावर पडत असतं. ते ताट कुणाचं, हे फक्त मला ऐकू येतं.